घरचा सामना परमुलखात : नफा कोणाचा, नुकसान कोणाचे?

दासगावच्या नाक्यावर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला चहाची एक टपरी आहे. गल्फहून सुट्टीवर आलेला आणि सुट्टी संपवून निघालेला, दोघेही तिथे भेटतातच. २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही तिथे बसलो असताना एक वाद कानावर आला आणि व्यापाराच्या या पानावर त्याची नोंद घ्यावीशी वाटली.

वाद होता मोहल्ल्याच्या टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेचा. भातकापणी झाल्यावर शेतात धावपट्टी तयार होते, आजूबाजूच्या गावांचे संघ येतात आणि दोन-तीन दिवस चहलपहल असते. शारजाहून सुट्टीवर आलेल्या एका तरुणाने नवी कल्पना मांडली होती.

"चाचा, खेळणारी निम्मी पोरं तिकडं, चषकाचे पैसे देणारे तिकडं. मग या वर्षीची फायनल तिकडंच घेतली तर काय बिघडलं?"

चाचा शांतपणे म्हणाले, "आणि बघणारे कुठं आहेत? त्यांना विचारलंस का?"

"बघणारे यूट्यूबवर बघतील. आज आम्ही तिकडून बघतो, तसं तुम्ही इकडून बघा."

टपरीवाला मध्येच म्हणाला, "आणि चहा कुठं पिणार?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याच दिवसांत स्पेन देशात हाच वाद कोट्यवधी रुपयांच्या पातळीवर चालला होता. आपल्या देशातली सर्वांत श्रीमंत स्पर्धा तर या वाटेने चार वेळा जाऊन आली आहे. तेव्हा घरची स्पर्धा परमुलखात नेली की कोणाच्या खिशात काय पडते आणि कोणाच्या खिशातून काय जाते, याचा हिशेब एकदा मांडून पाहू.

स्पेनमध्ये काय घडले?

व्हियारेआल हे पूर्व स्पेनमधले सुमारे ५० हजार वस्तीचे गाव. फरशी आणि टाइल्स बनवणे हा तिथला मुख्य धंदा. गावाचा फुटबॉल क्लब देशातल्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो. त्याच्या मैदानाचे नावही सिरॅमिक उद्योगावरून पडलेले आहे आणि तिथे सुमारे २३ हजार माणसे बसतात. म्हणजे निम्मे गाव एका वेळी सामना बघू शकते. बलाढ्य बार्सिलोना संघ वर्षातून एकदा तिथे लीगचा सामना खेळायला येतो. त्या दिवशी गावाची ईद आणि दिवाळी एकच असते म्हणा ना!

२०२५ साली लीगच्या चालकांनी ठरवले की २० डिसेंबरचा हा सामना गावात न घेता अमेरिकेत मायामी शहरात घ्यायचा. अंतर सात हजार किलोमीटरहून अधिक. कारण उघड होते. अमेरिकेचा बाजार मोठा, तिथले मैदान मोठे, तिथला डॉलर मोठा. युरोपच्या फुटबॉल महासंघाने ६ ऑक्टोबरला नाइलाजाने परवानगी दिली. क्लबने आपल्या सीझन तिकीटधारकांना प्रवासाची सोय आणि भरपाईही देऊ केली.

तरीही विरोध थांबला नाही. युरोपातल्या प्रेक्षक संघटना विरोधात उभ्या राहिल्या. रिअल माद्रिदसारख्या क्लबने आक्षेप घेतला. लीगमध्ये प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदा घरी आणि एकदा त्याच्या घरी खेळतो. एका संघाला कठीण मैदानावर जावे लागणार नसेल, तर बाकीच्यांवर तो अन्याय आहे. त्यानंतर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लीगच्या प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला खेळाडू १५ सेकंद जागच्या जागी उभे राहिले. दूरचित्रवाणीने त्या वेळी मैदानाबाहेरचे दृश्य दाखवले, म्हणजे निषेध घरोघर दिसू नये. पण झाकायचे होते ते त्यामुळे अधिकच बोलले गेले. २१ ऑक्टोबरला मायामीचा सामना रद्द झाल्याची घोषणा झाली.

इटलीतही तसेच झाले. मिलान आणि कोमो या दोन शहरांत ५० किलोमीटरचेही अंतर नाही. आपल्याकडचा महाड-माणगाव सामना समजा. मिलानचे मैदान फेब्रुवारी २०२६ मध्ये हिवाळी ऑलिंपिकसाठी गुंतलेले म्हणून हा सामना थेट ऑस्ट्रेलियातल्या पर्थला न्यायचे ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये तोही बेत सोडून द्यावा लागला.

ही हौस नवी नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००८ सालीच प्रत्येक क्लबच्या ३८ सामन्यांत एक ३९ वा सामना घालून तो परदेशात खेळवण्याचा विचार मांडला होता. तिथे तर घरचा सामना काढून घ्यायचा नव्हता, एक वाढवायचाच होता. तरीही गुणांचा समतोल बिघडतो म्हणून प्रेक्षक उठले आणि तो विचार बारगळला.

आपण चार वेळा जाऊन आलो

आता आपल्याकडे वळू. इंडियन प्रीमियर लीग, म्हणजे आयपीएल, २००८ मध्ये सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी देशाबाहेर गेली. २००९ मध्ये लोकसभेच्या निवडणुका आणि स्पर्धेच्या तारखा एकत्र आल्या. त्याच वर्षी ३ मार्चला लाहोरमध्ये श्रीलंकेच्या संघावर हल्ला झालेला होता. निवडणुकीच्या धामधुमीत सुरक्षा दले देता येणार नाहीत, असे सरकारने सांगितले. मंडळाने मार्चच्या अखेरीस स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत हलवली आणि १८ एप्रिलला पहिला चेंडू पडला. महिन्याभराच्या आत एवढा पसारा उचलून नेणे ही व्यवस्थापनाच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हती.

मात्र एक बारकावा ध्यानात घ्यावा. तिथले सामने स्थानिक वेळेनुसार दुपारी साडेबारा आणि साडेचार वाजता सुरू होत. का? तर तेव्हा भारतात चार आणि आठ वाजलेले असत. म्हणजे मैदान आफ्रिकेतले आणि घड्याळ भारतातले! गिऱ्हाईक कोण, हे त्या घड्याळाने सांगून टाकले.

दुसऱ्यांदा २०१४ मध्ये, पुन्हा निवडणुकीमुळे, पहिले २० सामने १६ ते ३० एप्रिल या काळात अबुधाबी, दुबई आणि शारजा येथे झाले. तिसऱ्यांदा २०२० मध्ये करोनामुळे १९ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर अशी संपूर्ण स्पर्धा अमिरातीत झाली आणि एकाही सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. चौथ्यांदा २०२१ मध्ये २९ सामने भारतात झाल्यावर ४ मे रोजी स्पर्धा थांबली आणि उरलेले ३१ सामने सप्टेंबर-ऑक्टोबरात अमिरातीतच झाले.

२०२२ मध्ये उलट घडले. साथीच्या भीतीने साखळीचे सर्व ७० सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथेच घेतले गेले. चेन्नई, कोलकाता, बंगळूरचे प्रेक्षक घरच्या सामन्यांना मुकले आणि त्यांचा वाटा आपल्या पदरात पडला. आपण तेव्हा तक्रार केली नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. ज्याच्या दारात वरात येते, त्याला वाजंत्री गोडच लागते.

हिशेबाच्या वहीत प्रेक्षक कुठे?

२०२० ची स्पर्धा संपल्यावर क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे खजिनदार अरुण धुमल यांनी जाहीर केले की मंडळाला सुमारे ४,००० कोटी रुपये मिळाले, खर्च जवळपास ३५ टक्के वाचला आणि दूरचित्रवाणीचे प्रेक्षक सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. मैदानात एकही तिकीट विकले गेले नसताना!

व्यापारी माणसाने या आकड्यावर क्षणभर थांबावे. याचा अर्थ असा की खुर्चीवर बसणारा प्रेक्षक आता मुख्य गिऱ्हाईक उरलेला नाही. माल विकला जातो तो प्रक्षेपणाच्या हक्कांच्या रूपाने. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे हक्क १६,३४७ कोटींहून अधिक रकमेला गेले. २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढ्या रकमेपुढे फाटकावरची तिकीटविक्री ती काय? मग सामना वानखेडेवर होवो की वाळवंटात, वहीला फरक पडत नाही.

परंतु वही पूर्ण खरे बोलत नाही. त्याच २०२० च्या स्पर्धेत चालकांना काय करावे लागले? रिकाम्या मैदानात जुन्या सामन्यांतला गर्दीचा रेकॉर्ड केलेला आवाज लावावा लागला. चौकार गेला की टाळ्या, बळी गेला की आरडाओरड. कारण त्या आवाजाशिवाय घरी बसलेल्यालाही सामना बेचव लागतो. म्हणजे जो प्रेक्षक वहीत दिसत नव्हता, त्याचाच आवाज मालाच्या खोक्यात भरून विकला जात होता. हलवायाने साखरेचा खर्च वहीत लिहिला नाही, म्हणून मिठाई साखरेशिवाय झाली असे होत नाही.

फाटकाबाहेरचा बाजार

मैदानात बसणाऱ्यांइतकाच विचार फाटकाबाहेरच्यांचा व्हायला हवा. वानखेडेवर सुमारे ३३ हजार माणसे बसतात. सामन्याच्या दिवशी चर्चगेट स्टेशनपासून मैदानापर्यंत टोप्या, झेंडे, निळे टी-शर्ट आणि पिपाण्या विकणारे उभे असतात. गालावर रंग लावणारे असतात, वडापाव आणि सरबतवाले असतात, टॅक्सीवाले असतात.

आमच्या ओळखीचा, महाडकडचाच एक माणूस हा धंदा करतो. एरवी मोबाइलची कव्हरे विकतो, मोसमात टोप्या आणि झेंडे. तो सांगतो, "माल आधी उचलावा लागतो. उधारीवर घेतला तर दुकानदार थोडे दिवस थांबतो. मॅच गेली की माल घरात. पुढच्या वर्षी टी-शर्टवरचं नाव बदलतं, मग तो रद्दीच."

२०१६ च्या एप्रिलमध्ये असे झाले होते. राज्यात दुष्काळ होता, लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागत होते आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मुंबईच्या संघाने विशाखापट्टणम हे घर केले. त्या वेळी याचा माल अडकला. त्याला राग आला का, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "राग कशाचा? माणसाला प्यायला पाणी नाही आणि खेळपट्टीला पाणी? गेलं ते बरंच झालं." २०२० बद्दलही त्याची तक्रार नाही. तेव्हा सगळ्यांचेच धंदे बसले होते.

पण स्पेनची हकिकत सांगितल्यावर मात्र तो चिडला. "म्हणजे अडचण काहीच नव्हती? नुसता जास्त पैसा मिळतो म्हणून गावाची मॅच उचलून नेत होते?"

आमच्या मते या एका वाक्यात सगळा विषय आला. गिऱ्हाईक मजबुरी माफ करतो. आपल्याला विकून टाकले, हे तो माफ करत नाही.

गल्फमधल्या माणसाची बाजू

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती आपल्याच घरातली आहे. कोकणातल्या अनेक घरांचा चुलीपासूनचा खर्च आखातातून येतो. नाक्यावर वाद घालणाऱ्या त्या तरुणाच्या थोरल्या भावाने २०१४ मध्ये दुबईत मुंबई आणि चेन्नईचा सामना पाहिला. २५ एप्रिल, शुक्रवार होता, म्हणजे तेव्हाचा तिथला सुट्टीचा दिवस. मुंबईचा संघ हरला. अमिरातीतले पाचही सामने मुंबई हरली होती.

"हरले तरी डोळ्यांत पाणी आलं," तो आम्हाला म्हणाला. "मुंबईत होतो तेव्हा तिकिटाला पैसा नव्हता. पैसा आला तेव्हा मुंबईत नव्हतो. वानखेडे बाहेरूनच बघितलं. आपली टीम पहिल्यांदा बघितली ती दुबईत."

या माणसाला 'परदेशात सामना नको' असे कोण सांगणार? घर सोडून पोटासाठी गेलेल्यालाही घराच्या खेळावर हक्क आहे. तो परदेशी बाजार नव्हे, तो लांब गेलेला घरचाच माणूस आहे.

पण त्याचीच पुढची हकिकतही ऐकावी. २०२० मध्ये सामने पुन्हा आले, शारजाच्या मैदानावरही झाले. तो कामावरून परतताना मैदानाचे दिवे दिसत. आत कोणालाच प्रवेश नव्हता. त्याच वर्षी काम गेलेले आपले कितीतरी लोक 'वंदे भारत'च्या विमानांनी मायदेशी परतत होते आणि ऑगस्टमध्ये खेळाडूंची खास विमाने उलट दिशेने गेली. सामना दारात येऊनही तो आपला नसतो, हे त्याने तेव्हा पाहिले. घड्याळ जसे आफ्रिकेच्या प्रेक्षकासाठी नव्हते, तसे दिवेही त्याच्यासाठी नव्हते.

बेरीज आणि वजाबाकी

जुन्या वाचकांना शारजाचे दिवस आठवत असतील. अब्दुल रहमान बुखातीर यांनी तिथे क्रिकेट आणले, मैदान उभे केले. १९८४ मध्ये तिथे पहिला आशिया चषक झाला. १९८६ मध्ये जावेद मियांदादने शेवटच्या चेंडूवर मारलेला षटकार आणि एप्रिल १९९८ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने सचिन तेंडुलकरची दोन शतके, ही सगळी शारजाचीच देणगी. त्या स्पर्धांतून भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना मदतनिधीही मिळाला. पुढे सामनेनिश्चितीच्या संशयाचे सावट पडले आणि २००१ मध्ये भारत सरकारने तिथे खेळण्यास मनाई केली, हेही खरे. पण तोवर गल्फमधल्या आपल्या माणसाला शारजाने खूप दिले.

शारजाविरुद्ध मुंबई-कराचीच्या प्रेक्षकाने कधी मोर्चा का काढला नाही? कारण शारजाने कोणाच्या घरचा सामना उचलून नेला नव्हता. ती स्वतंत्र स्पर्धा होती. बेरीज होती, वजाबाकी नव्हती. आयपीएलचा खेळाडू लिलाव २०२३ मध्ये दुबईत, २०२४ मध्ये जेद्दाहला आणि २०२५ मध्ये अबुधाबीत झाला. त्यालाही प्रेक्षकांनी विरोध केला नाही, कारण कोणाची खुर्ची गेली नाही.

तेव्हा आमच्या मते हिशेब असा मांडावा. परदेशातल्या आपल्या माणसांसाठी वेगळे सामने, सरावाचे सामने, वेगळा चषक जरूर न्यावा. ते नेताना तिकडच्या कामगाराच्या सुट्टीचा दिवस आणि त्याच्या खिशाला परवडेल असे तिकीट, या दोन गोष्टी पाहाव्यात. ज्या सामन्याचे गुण लीगच्या तक्त्यात धरले जातात, तो मात्र घरचा घरीच व्हावा. निवडणूक, साथ, दुष्काळ अशी खरी अडचण आली तर हलवावा, पण वेळेवर सांगावे, तिकिटाचे पैसे विनासायास परत करावेत आणि अडचण सरली की सामना घरी आणावा. बाहेरच्या बाजारात मिळणाऱ्या जादा पैशासाठी घरचे गिऱ्हाईक तोडू नये. हा नियम किराणा दुकानाला लागू आहे, तसाच लीगलाही लागू आहे.

नाक्यावरचा निकाल

दासगावचा वाद कसा मिटला, ते सांगून हा लेख संपवतो. तो तरुण सुट्टीवरून परतण्यापूर्वी मोहल्ल्यातली चार वडीलधारी आणि खेळणारी पोरे पुन्हा बसली. चाचांनी त्याला एकच गोष्ट विचारली, "तू लहान होतास तेव्हा बॅट पहिल्यांदा कुठं धरलीस?" तो काही बोलला नाही. याच शेतात, फायनल बघून झाल्यावर मोडक्या फळीने खेळत तो मोठा झाला होता. फायनल फक्त मोबाइलवर दिसली असती, तर ती फळी त्याच्या हातात आली असती का?

ठरले असे की तिकडच्या मंडळींनी तिकडे वेगळी स्पर्धा घ्यावी. नाव वेगळे, चषक वेगळा. गावची स्पर्धा गावातच होईल. तिच्या तारखा मात्र रमजान आणि मुलांच्या परीक्षा टाळून, जास्तीत जास्त मंडळी सुट्टीवर येतील अशा बेताने, चार महिने आधी ठरतील. म्हणजे तिकडच्याला तिकीट स्वस्तात काढता येईल आणि इकडे मांडववाला, लाऊडस्पीकरवाला, मिनिडोरवाला यांनाही आगाऊ कळेल. पैसे तिकडून येतील, त्याची पावती मिळेल आणि हिशेब मशिदीच्या फळ्यावर नाही, तर मैदानाच्या मांडवात लावला जाईल. यूट्यूबही चालू राहील, कारण ज्याला सुट्टी मिळाली नाही त्यानेही सामना बघितला पाहिजे.

तरुणाने एवढेच म्हटले, "मग सुट्टी त्याच महिन्यात टाकतो."

टपरीवाल्याने न सांगता सगळ्यांसमोर चहा ठेवला. पैसे कोणी द्यायचे, यावर पुन्हा वाद झाला. असो.